'लॉस्ट' पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: थिअरी कशी मांडायची आणि कशी तपासायची

आमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला 'लॉस्ट' लागते. जेवणं उरकलेली असतात, काका भिंतीला टेकून बसतात, मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असते म्हणून सबटायटल कायम ऑन, आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक वही. वह्या बघून नवीन माणूस जरा बिचकतो, सिरियल बघायला आलोय का क्लासला असं होतं त्याला. पण रहस्याची सिरियल नुसती बघणं आणि थिअरी मांडत बघणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकदा दुसरी सवय लागली की नुसतं बघवत नाही. सोलापुरात या घरात मी आत्तापर्यंत सहा-सात जणांना पहिल्या भागापासून बसवलंय आणि सगळे त्याच त्याच ठिकाणी अडकतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं ओशॅनिक ८१५ नावाचं विमान एका बेटावर कोसळतं, किनाऱ्यावर ४८ जण जिवंत सापडतात आणि बेट साधं नाही हे पहिल्याच रात्री कळतं. अमेरिकेत एबीसी चॅनलवर २२ सप्टेंबर २००४ ला सुरू झाली, २३ मे २०१० ला संपली. सहा सीझन, १२१ भाग. कथेतलं विमान पण २२ सप्टेंबर २००४ लाच पडतं, म्हणजे पहिला भाग ज्या दिवशी टीव्हीवर आला त्याच दिवशी. शूटिंग हवाईतल्या ओआहू बेटावर झालं. एवढं पुरे, यापेक्षा जास्त कोणी सांगायला लागलं तर कान बंद करा.

पायरी १: वेग कमी करा

ही पायरी लोकांना सगळ्यात जड जाते. आता सगळे भाग एका जागी मिळतात, एक संपला की दहा सेकंदात पुढचा सुरू. पण या सिरियलवर जगभर ज्या हजारो थिअऱ्या झाल्या त्या का झाल्या, तर तेव्हा दोन भागांमध्ये आठवडा जायचा आणि दोन सीझनमध्ये कित्येक महिने. त्या रिकाम्या वेळात माणसं विचार करायची, परत परत तोच सीन बघायची. तुम्ही रात्रीत सहा भाग उडवलेत तर प्रश्न पडायच्या आधीच उत्तर समोर येतं, मग थिअरी कुठून सुचणार?

आमचा नियम, एका बैठकीला दोन भाग. सीझनचा शेवटचा भाग बघितला की निदान पंधरा दिवस पुढचा सीझन लावायचा नाही. ऑटोप्ले बंद करून ठेवा. आणि सबटायटलबद्दल एक महत्त्वाचं, कधी कधी जो माणूस अजून पडद्यावर आलेलाच नाही त्याचं नाव सबटायटलमध्ये आवाजाच्या आधी छापलेलं येतं आणि सगळा घोटाळा होतो. पात्रांची नावं न दाखवणारा साधा सबटायटल ट्रॅक असेल तर तो निवडा. बंद मात्र करू नका, जंगलातली कुजबुज नीट कळायला ते लागतंच.

लॉस्टपीडिया किंवा असली कुठलीही विकी उघडायची नाही. एखाद्या पात्राचं नाव सर्च करायला गेलात तरी खाली सजेशनमध्येच तो कधी मरतो ते येतं.

पायरी २: वहीत तीन रकाने

वही साधी शंभर पानी घ्या. मोबाईलवर लिहू नका, मोबाईल हातात आला की वरची विकीची भानगड झालीच म्हणून समजा. तीन रकाने आखा: दिसलं, कोणीतरी सांगितलं, मला वाटलं. वर सीझन आणि भागाचा नंबर.

पहिल्या दोन रकान्यांमधला फरक नीट पाळलात तर निम्मं काम झालं, खरंच. कॅमेऱ्याने जे दाखवलं ते एक, आणि एखाद्या पात्राने तोंडाने जे सांगितलं ते दुसरं. या सिरियलमध्ये जवळजवळ प्रत्येक जण कधी ना कधी खोटं बोलतो, काही जण खरं बोलतात पण त्यांनाच चुकीचं माहीत असतं. डॉक्टर आहे म्हणून जॅकचं म्हणणं 'दिसलं'मध्ये घालायचं नाही, त्याचं पण 'कोणीतरी सांगितलं'मध्येच जाणार. माझी सगळ्यात मोठी चूक नेमकी इथेच झाली, ती पुढे सांगते.

आमचे काका तीस-बत्तीस वर्षं चादरींचं डिझाईन काढायचे, म्हणजे आलेखाच्या कागदावर चौकोन भरायचे आणि त्यावरून जेकॉर्डच्या, म्हणजे मागावर डिझाईन उतरवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्यांना भोकं पडायची. पहिल्यांदा ते नुसते येऊन बसले, "काय बघायलीस गं एवढी?" म्हणून. पायलटच्या, म्हणजे सिरियलच्या सुरुवातीच्या जोडभागाच्या, दुसऱ्या भागात लॉक नावाचा टकला माणूस छोट्या वॉल्टला बॅकगॅमन शिकवतो, हातात दोन सोंगट्या धरून सांगतो की दोन खेळाडू, दोन बाजू, एक उजेडाची एक अंधाराची. तेवढ्यात काका म्हणाले, थांबव. मी पॉज केलं. मग म्हणाले, "हे चुकून नाही हं, लिहून ठेव. डिझाईनमध्ये असला रंग एकदा टाकला की पुढे परत टाकावाच लागतो." सहाव्या भागात गुहेत दोन सांगाडे सापडतात, त्यांच्याजवळच्या पिशवीत दोन खडे, एक काळा एक पांढरा. दहाव्या भागात वाचलेल्यांपैकी क्लेअरच्या स्वप्नात लॉक दिसतो, एक डोळा काळा आणि एक पांढरा. काकांनी तिन्ही वेळा फक्त 'दिसलं'मध्ये नोंद केली, 'मला वाटलं' रिकामं. दहा भाग रिकामं! मला वाटतं नवीन माणसाने शिकण्यासारखं सगळ्यात मोठं हेच आहे, तिसऱ्या रकान्याची घाई करायची नाही.

पायरी ३: प्रश्न लहान घ्या

नवीन माणूस पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो, बेट म्हणजे नक्की काय? हा प्रश्न बाजूला ठेवा. याच्यावर थिअरी करायला गेलात की हवेतच जाणार.

लहान प्रश्न घ्या. उष्ण कटिबंधातल्या बेटावर ध्रुवीय अस्वल कुठून आलं? हा पायलटमध्येच पडतो आणि मस्त प्रश्न आहे, कारण याची दोन-तीन वेगवेगळी उत्तरं देता येतात आणि प्रत्येकासाठी पुरावा शोधता येतो. वॉल्टच्या हातातल्या स्पॅनिश कॉमिकमध्ये ध्रुवीय अस्वल आहे, ते दाखवलंय. म्हणून त्या काळात खूप लोकांचं म्हणणं होतं की वॉल्ट ज्याचा विचार करतो ते खरं होतं. दुसरी बाजू म्हणायची की कोणीतरी माणसांनी ते बेटावर आणलंय. दोन्ही लिहा, दोन्हींच्या खाली पानभर जागा सोडा.

आणि लॉकबद्दल चौथा भाग संपेपर्यंत काहीच लिहू नका. का ते विचारू नका.

पायरी ४: थिअरी कशाने मोडेल ते आधीच लिहा

माझ्या मते ही एक पायरी सोडली तर बाकी सगळं वाया आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलते.

आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, आणि कधी येणार यावर प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी बोलत असतं. "मागच्या वेळी रात्री उशिरा आलं होतं म्हणजे या वेळी पहाटे सोडणार" असं जी सांगते ती थिअरी मांडते, कारण पहाटे नळ कोरडा निघाला की ती चुकली हे सगळ्या गल्लीला कळतं. "येईल की कधीतरी" म्हणणारी कधीच चुकत नाही, पण तिच्या बोलण्यावर कोणी घागर लावून बसत नाही. लॉस्टच्या निम्म्या थिअऱ्या 'येईल की कधीतरी' जातीच्या असतात.

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे, हे सगळे विमानातच मेलेत आणि बेट म्हणजे स्वर्ग-नरकाच्या मधली जागा. पहिल्या सीझनपासून ही चालू होती आणि सिरियल बनवणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की असं नाही. तरी ती टिकली, का टिकली तर तिला मोडताच येत नाही. कोणी जखमी झालं तर शिक्षा, बरं झालं तर कृपा, मेलेला बाप दिसला तर बघा मी म्हटलं नव्हतं का! काहीही दाखवा, तिच्यात बसतंच. जी थिअरी सगळंच सांगते तिने तुम्हाला काहीच सांगितलेलं नसतं.

म्हणून प्रत्येक थिअरीखाली एक ओळ कंपल्सरी: अमुक सीन दिसला तर ही गेली. वॉल्टच्या थिअरीखाली माझ्या भावाने लिहिलं होतं, वॉल्ट बेटावर यायच्या आधी तिथे अस्वल होतं असं दिसलं तर खलास. बघा किती स्वच्छ आहे, आता पुढचे सगळे भाग बघताना नेमकं काय शोधायचं ते त्याला माहीत आहे. काकांनी अकराव्या भागानंतर शेवटी तिसरा रकाना भरला, 'या बेटावर दोन बाजू आहेत आणि त्या या लोकांच्या आधीपासूनच्या आहेत'. कारण विचारलं तर म्हणाले, सोंगट्या लॉकच्या हातातल्या होत्या, स्वप्नात पण लॉकच होता, म्हणजे हे लॉकचंच वेड असू शकतं, पण गुहेतले खडे लॉक यायच्या कितीतरी वर्षं आधीचे आहेत. खाली मोडायची ओळ: 'खडे अलीकडे कोणीतरी ठेवले असं निघालं तर मी चुकलो'.

इथे थांबायचं कोणी ते बघा. लेखात इथून पुढे सहाही सीझनमधल्या गोष्टी येतात. पहिल्यांदा बघत असाल तर वरच्या चार पायऱ्यांवर पहिला सीझन आरामात निघतो, बाकीचं नंतर वाचा, हा लेख कुठे पळून जात नाही.

पायरी ५: चादर उलटी करून बघा

सोलापुरी चादर उलटी केली की मागच्या बाजूला तेच डिझाईन रंग उलटे होऊन दिसतं. सिरियलला पण मागची बाजू असते, ती माणसांनी बनवलेली असते, नटनट्यांचे करार असतात, संप होतात, मुलं मोठी होतात. थिअरी करताना हे विसरून चालत नाही.

वॉल्टचंच घ्या. बेटावरचे जेमतेम तीन-चार महिने दाखवायला पहिले चार सीझन गेले, तेवढ्यात तो पोरगा चांगला उंच झाला, मग कथेत त्याला पहिल्यासारखं ठेवणार कसं? तो बाजूला पडला यामागे बेटाचं गूढ शोधत बसलेली माणसं मी बघितलीत. जॅकला तर मुळात पायलटमध्येच मारायचं ठरलं होतं, नंतर बदललं, आणि तोच कथेचा मुख्य माणूस झाला. बेन लायनसचं काम करणारा मायकल इमर्सन तीन भागांपुरता घेतलेला होता, पुढे तो किती मोठा झाला ते बघितलंच असेल तुम्ही. म्हणजे 'पहिल्या दिवसापासून सगळं ठरलेलं होतं' या पायावर उभी असलेली थिअरी कच्ची धरा.

पण 'काहीच ठरलेलं नव्हतं, मनाला येईल तसं लिहिलं' हे पण खरं नाही, आणि हे बोलणाऱ्यांचा मला राग येतो. मे २००७ मध्ये चॅनलने आणि निर्मात्यांनी शेवट जाहीर करून टाकला, आणखी ४८ भाग, तीन सीझन, २०१० ला बंद. चालू सिरियलने तीन वर्षं आधी आपला शेवट सांगणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. मग लेखकांच्या संपामुळे चौथा सीझन सोळाच्या जागी चौदा भागांचा झाला, ते राहिलेलं पुढे भरून काढलं. म्हणून तिसऱ्या सीझनचा शेवट ही एक रेघ धरा, रेघेच्या अलीकडच्या खुणांना थोडं सैल धरायचं आणि पलीकडच्यांना घट्ट.

पायरी ६: आकड्यांपासून सांभाळून

४, ८, १५, १६, २३, ४२. बेरीज १०८, आणि हॅचमधलं, म्हणजे जमिनीखालच्या बंकरमधलं, बटण दर १०८ मिनिटांनी दाबायचं. आपल्याकडे १०८ म्हटलं की जपमाळ आठवते, आमच्या एका मावशींनी त्यावर चार पानं लिहिली. आणि एकदा आकडे डोक्यात बसले की ते सगळीकडे दिसायला लागतात, एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ ला जातोच, घर नंबर, बस नंबर, सगळं.

त्यासाठी एक सोपी गाळणी आहे. आकडा कॅमेऱ्याने मुद्दाम दाखवलाय का, म्हणजे क्लोजअप आहे का, किंवा पात्र स्वतः त्यावर थांबतं का? असेल तरच नोंद. हर्लीचं लॉटरीचं तिकीट, हॅचवर कोरलेले आकडे, हे धरायचं. मागच्या गाडीची नंबरप्लेट नाही धरायची.

सहाव्या सीझनमध्ये हे आकडे सहा माणसांच्या नावापुढे लिहिलेले दिसतात, ४ लॉक, ८ हर्ली, १५ सॉयर, १६ सईद, २३ जॅक, आणि ४२ ला क्वॉन, आता तो जिन की सन ते तिथे सांगत नाहीत. २००६ मध्ये सिरियलच्या जोडीने इंटरनेटवर एक खेळ चालवला होता, त्यात याच आकड्यांचं वेगळं स्पष्टीकरण होतं, माणूसजात कधी संपणार ते काढायच्या एका गणितातले घटक म्हणून. मग खरं कुठलं? आमच्यात यावर भांडणं झालीत. माझं मत स्पष्ट आहे, जे १२१ भागांमध्ये आहे तेच पुरावा, बाहेरचं वाचायला छान पण वहीत नको.

पायरी ७: थिअरी मोडली की पान फाडू नका

आता माझी चूक. गुहेतले ते दोन सांगाडे, ज्यांना लॉक 'ॲडम आणि ईव्ह' म्हणतो, ते रोझ आणि बर्नार्ड आहेत अशी माझी थिअरी होती. माझी एकटीची नाही, जगात खूप जणांची होती. पाचव्या सीझनमध्ये हे नवरा-बायको भूतकाळात अडकतात, १९७७ मध्ये जंगलात खोपटं बांधून राहताना दिसतात, आम्हाला आता कुठल्या भांडणात पडायचं नाही म्हणतात. झालं! मी उठून उभीच राहिले होते. एकमेकांच्या शेजारी मेलेलं म्हातारं जोडपं, भूतकाळात राहिलेलं, अजून काय पाहिजे?

आता हिशोब बघा. सहाव्या भागात जॅक सांगाड्यांचे कपडे बघून म्हणतो की एवढं कुजायला चाळीस-पन्नास वर्षं लागतात. १९७७ ते २००४ होतात २७. सरळ सरळ जुळत नाही. मी काय केलं, तर ते २७ बघितलं आणि वहीत लिहिलंच नाही, कारण थिअरी फार आवडली होती. आणि शेवटच्या सीझनच्या शेवटाकडे, तीनच भाग राहिले असताना उत्तर येतं, ते दोघं म्हणजे बेटाची राखण करणाऱ्या जेकबची आई आणि भाऊ, शेकडो वर्षांपूर्वीचे. म्हणजे जॅकचे चाळीस-पन्नास पण चूक! ते वाक्य मी 'दिसलं'मध्ये लिहून ठेवलं होतं, जायला पाहिजे होतं 'कोणीतरी सांगितलं'मध्ये. एका पानावर दोन चुका, आवडत्या थिअरीसाठी एक आकडा लपवला आणि ऐकीव गोष्टीला डोळ्यांनी बघितल्याचा मान दिला. ते पान मी जपून ठेवलंय, नवीन येणाऱ्याला पहिलं तेच दाखवते.

काकांच्या दोन बाजू मात्र खऱ्या निघाल्या, जेकब आणि तो काळ्या कपड्यातला माणूस. पाचव्या सीझनच्या शेवटच्या भागात दोघं किनाऱ्यावर बोलत बसलेले दिसले तेव्हा काका काही बोलले नाहीत, वही उघडून जुन्या ओळीपुढे फक्त बरोबरची खूण केली.

शेवटच्या भागाबद्दल वेगळं

तो बघून झाल्यावर निम्मी माणसं म्हणतात, म्हणजे शेवटी सगळे आधीच मेलेले होते ना? नाही हो. सहाव्या सीझनमध्ये बेटाच्या कथेला जोडून जे दुसरं आयुष्य दाखवतात, ज्यात विमान पडतच नाही, ते तेवढं मरणानंतरचं आहे. बेटावर झालं ते सगळं खरंच झालं. चर्चमध्ये जॅकचे वडील त्याला हे समजावून सांगतात, कोणी तुझ्या आधी गेलं कोणी तुझ्यानंतर खूप वर्षांनी. घोळ कशाने झाला तर शेवटी नावं येताना किनाऱ्यावरच्या रिकाम्या विमानाच्या सांगाड्याची दृश्यं दाखवली, ती चॅनलने लावली होती, लोकांना वाटलं कोणीच वाचलं नव्हतं. तो चर्चमधला संवाद तेवढा दोनदा बघा, घाई करू नका.

आणि बसायच्या पद्धती

ग्रुपमध्ये मेसेज टाकताना आधी आपण कुठपर्यंत बघितलंय ते लिहायचं, म्हणजे '२.०४ पर्यंत' असं, दुसरा सीझन चौथा भाग. खोलीत ज्याने सगळ्यात कमी भाग बघितलेत त्याच्या भागापर्यंतच बोलायचं. "पुढे बघ तू" म्हणून हसायचं नाही, त्या हसण्यातूनच समोरच्याला कळतं की आपण बरोबर जागेवर आलोय. नवीन माणसाची थिअरी चुकीची आहे हे माहीत असलं तरी त्याला फक्त एवढंच विचारायचं, हे कुठे दिसलं?

सध्या आमच्याकडे शेजारच्या अक्का नवीन आहेत. दिवसभर टॉवेलच्या कडांना शिलाई मारायचं काम करतात, नजर कायम कपड्यावर. गेल्या शनिवारी पाचवा भाग लावला होता, जॅकला जंगलात त्याचे मेलेले वडील दिसतात तो. सगळे त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते. अक्का म्हणाल्या, "अगं, एवढा चांगला सूट आणि खाली पांढरे खेळायचे बूट? असं कोण घालतंय गं? आणि पहिल्या दिवशी बांबूला एक पांढरा बूट लटकला होता की, त्याचाच हाय का हा?"

त्याचं उत्तर पाचव्या सीझनमध्ये आहे. काकांनी माझ्याकडे बघितलं, मी वहीकडे. मग मी म्हटलं, अक्का, लिहून ठेवा, पहिल्या रकान्यात.